ठमाबाईचा वाटा

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं छाया, तू होय! बोल… हो, एस्तेरच बोलतेय. आवाज बसलाय जरा… नाही गं, सर्दीबिर्दी काही नाही. रविवारपासून झोप कुठं लागतेय…

थांब हं, कुकर होत आलाय… सृष्टी, गॅस बारीक कर गं!… हं, बोल आता.

हो, साडी आणली. काल गंगापूर रोडला जाऊन आलो मायलेकी. पांढरीच, बारीक जरीची… 'समाधानच्या सुटाशेजारी बरी दिसेल ना गं आई' म्हणून माझं डोकं खाल्लं हिनं… हो ना! दोन रविवार चर्चमध्ये लग्नाची घोषणा वाचून झाली, आता हा तिसरा. तिसऱ्यांदा नावं वाचली, कुणी हरकत घेतली नाही, की मी सुटले. हिचे वडील गेल्यापासून ह्याच दिवसाची वाट बघतेय… हो, हो… तू आहेस म्हणूनच निर्धास्त आहे मी. हॉस्टेलातल्या मैत्रिणीच्या घरी लेक सून म्हणून जातेय, आणखी काय हवं…

काय?… कुणाबद्दल?… ठमाबाईबद्दल?

नको गं तो विषय… नको ना. जेवण जात नाही मला.

अगं, तू मागच्या बाकावर होतीस, तुला नुसत्या पाठी दिसल्या. मी प्रभुभोजनाच्या टेबलापाशी होते, मला तोंडं दिसली… पेठची डोंगरातली माणसं नेहमीसारखी शेवटी आली. बिचारी पहिली एसटी धरून येतात, तरी उशीर होतोच. मागं बसतात, शेवटी टेबलापुढच्या कठड्याशी येतात. ठमाबाईनं गुडघे टेकले. हातावर भाकर घेतली. द्राक्षरसाच्या प्याल्यासाठी मान वर केली, तर प्याला रिकामा… पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी धावत त्यांच्या खोलीत गेले, कपाट उघडलं. कपाटात रसाची दुसरी बाटली नाही…

हो, माहितीय मला काय म्हणाले ते. 'आज भाकरीवर भागवा, पुढच्या महिन्यात बघू.' चुकलंच त्यांचं. घाबरून गेले होते, काय बोलतोय ते कळलं नाही त्यांना… पण ती बाई उठताना मला हळूच काय म्हणाली ठाऊकय? 'बाय, आमचा वाटा सरला का?'… रागानं नाही गं. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

माझंच चुकलं ना. मोसमात द्राक्षं आणून रस काढणारी मी, उकळून बाटल्या भरणारी मी. पेठची माणसं येणार म्हटल्यावर दोन बाटल्या न्यायच्या, हे माझं काम… अगं, घर उलटंपालटं केलं. रिक्षावाल्यालासुद्धा गाठून विचारलं. कुठं म्हणून नाही ती बाटली. घेतली होती असं वाटतं, आणि वाटतं नव्हतीच घेतली. डोकं फिरायची वेळ आलीय माझी.

हं… हं… मी काय सांगायचं म्हणतेस?… परत बोल, लाइनीत खरखर आहे…

'पाळकसाहेबांनीच एक बाटली आणायला सांगितली होती'?… असं मी म्हणायचं?… 'डोंगरातल्या लोकांना भाकर बस झाली', असं ते म्हणाले म्हणून सांगायचं?… पण ते नाही म्हणाले, छाया!… कधीच नाही… अगं ऐक ना… अगं, बोलू तर दे मला…

हे बघ. तुझे शांतवनराव चर्चच्या कमिटीच्या निवडणुकीत पडले, त्यांच्या मनाला लागलंय, कळतं मला. इंदिरानगरला हॉल बघितलाय, तिथं वेगळं चर्च, वेगळी मंडळी काढायचीय, तेही सगळ्या चर्चला कळलंय. पण पेठची घरं तिकडं ओढून न्यायला माझं तोंड कशाला हवंय तुम्हाला?…

म्हणजे तेच ना! मी टेबलापाशी असते, माझ्या शब्दावर सगळे विश्वास ठेवतील. म्हणून तर नाही म्हणतेय मी…

हो, त्यांना मागं बसावं लागतं, हे खरं आहे. उपासनेनंतर चहाला त्यांना कुणी सरकून जागा देत नाही, तेही खरं. तू देत नाहीस. मीही किती वेळा दिलीय? लाज वाटते मला. त्यावर बोला ना, कमिटीत बोला, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. पण पाळकसाहेबांच्या तोंडी नसलेली गोष्ट घालायची… नाही गं. माझ्याच्यानं नाही होणार.

रागावले नाही. तू का म्हणून असं… हं… हो… तू माझ्या भल्यासाठीच बोलतेस, माहितीय… हो गं, मीही स्वतःला तेच समजावते की माणूस आहे, विसरतं… हं… रिक्षातच राहिली असेल, हो. कापडात गुंडाळलेली होती, कुणाच्या लक्षात नसेल आलं, बरोबर आहे… 

काय म्हणालीस?

नाही, नाही, आत्ता काय म्हणालीस तू?… कापडात गुंडाळलेली?

छाया, घरून निघताना ती उघडीच होती.

थांब. मला आठवू दे… बूच सैल होतं. रस गळायला लागला, माझ्या बोटांना चिकटला… हो! तिथं चिकटला, चर्चमध्ये! पाळकसाहेबांच्या खोलीत! मी त्यांचा हात पुसायचा टॉवेल घेतला आणि बाटली गुंडाळून कपाटात खाली, उभी करून ठेवली… देवा! आणली होती मी! दोन्ही आणल्या होत्या!

तुला कसं माहीत?

नाही, मी कधी सांगितलं तुला? मलाच आठवत नव्हतं, मी कुठून सांगणार?… पाळकसाहेबांनी? ते तेव्हा मुलांच्या रविवारच्या शाळेत होते. खोलीत कुणी नव्हतं…

छाया.

बोल ना. एवढा वेळ तर मला बोलू देत नव्हतीस…

कपाट उघडलंत तुम्ही.

'नुसती बाजूला ठेवली'?… नुसती?… ठमाबाई तिथं गुडघ्यांवर बसली होती गं! तोंड वर करून! प्रभूच्या टेबलाशी! आणि तुम्हाला माहीत होतं, प्याला तिच्यापर्यंत येणार नाही म्हणून. ती उठून रिकामी गेली पाहिजे, म्हणून केलंत ना हे?… शांतवनरावांनी केलं, तू नाही. बरं. पण तुला माहीत होतं. तू मागच्या बाकावर बसून बघत होतीस… मला रविवारी संध्याकाळी जवळ घेतलंस, डोळे पुसलेस माझे. 'विसरतं गं माणूस' म्हणालीस…

मी ओरडत नाहीये… नाही, सृष्टी, काही नाही, तू जा आत. भाताकडं बघ.

…हं. ऐकतेय… रडू नकोस. रडून मला गोंधळात टाकू नकोस… हं…

काय सांगू म्हणतेस आता?… मीच विसरले, असं?… पाळकसाहेबांचं नाव नको, तुमचंही नको. 'बाटली घरी राहिली, माझी चूक, माफ करा' एवढंच म्हणायचं मी…

…

आहे, आहे मी फोनवर. विचार करतेय.

खोटं कशाला सांगू, मोह होतोय गं. चार माणसांत सांगून मोकळी व्हायला काय लागतं? पेठचे लोक शांत होतील, कुणी कुठं जाणार नाही. रविवारी पोरांची नावं वाचली जातील. साडी घरात येऊन पडलीय. आत्ता हो म्हटलं तर आज रात्री झोपेन मी… आणि ठमाबाई मला माफ करेल. लगेच करेल. उलट माझाच हात धरून 'असू दे बाय' म्हणेल…

तेच नाही जमणार मला. तिचा प्याला तुम्ही घेतलात, आता तिची माफी मी लबाडीनं घेऊ?

नाही… नाही छाया… अगं, आणि मंडळी अशानं एक राहील होय? पुढच्या महिन्यात शांतवनराव दुसरं काही काढतील. मी तोंड मिटून बघत बसायचं, कारण माझी लेक तुमच्या घरात. आयुष्यभर.

मी सांगते तुला काय करायचं ते. अगं ऐक… एकदा शांतपणे ऐक माझं. मी पाळकसाहेबांना आत्ता काही सांगत नाही. कमिटीला नाही, कुणालाच नाही. उद्या सकाळी सीबीएस स्टँडवर ये, आपण दोघी पेठच्या गाडीत बसू. ठमाबाईच्या घरी जाऊ. तिचे यजमान सहादूभाऊही असतील. तूच सांग तुझ्या तोंडानं. मी शेजारी बसते, हात धरून बसते हवं तर. तुम्ही आपणहून सांगितलंत तर ती माणसं तुम्हाला टाकणार नाहीत. मीही नाही. अजून काही तुटलेलं नाही गं… 

शांतवनराव सोडणार नाहीत?… मारतील तुला?… मग माझ्याकडं ये. पिशवी घे आणि ये, दार उघडं आहे तुला… 

हं.

हं… म्हणजे?… स्पष्ट बोल.

मी पेठला गेले तर घोषणा मागे घेणार. तुम्हीच हरकत घेणार, भर चर्चमध्ये उभं राहून… काय कारण सांगणार? माझ्या लेकीत काय खोट काढणार?… 'लोक लावतील काय लावायचं ते.' असं म्हणतेस. तू. तिच्या बारशाला पहिल्यांदा मांडीवर तिला घेतलेली तू…

…

जाणार मी, छाया. एकटी जाईन… हो, सगळं कळतंय मला. दोन रविवार नाव वाचून मोडलेल्या मुलीचं आपल्या लोकांत काय होतं, ते मला नको सांगूस. आईच आहे ना मी तिची. तरी जाणार.

कुणाला?… सृष्टीला?… तिला कशाला मध्ये घेतेस? तिला काही माहीत नाही… नाही देणार मी. मी तुला… 

अगं, तू दारात कधीची उभी आहेस?… सृष्टी, राहू दे. मी बोलतेय ना… बरं. बरं बाई, घे. छायाकाकू आहेत.

हॅलो, काकू. सृष्टी बोलतेय… हो, ऐकलं मी. आईचं तेवढं ऐकलं, पण कळलं सगळं…

नाही काकू, आईला मी समजावणार नाही… नाही… माझ्या सुखाचं राहू द्या आत्ता. मला एक विचारायचंय, तेवढं सांगा.

रविवारी पहिलं गीत चालू असताना समाधान मागच्या दारानं बाहेर गेला. मी गाणाऱ्यांत उभी होते, तिथून ते दार दिसतं. खांद्याला तुमची ती जांभळी पिशवी होती… मी नंतर विचारलं, तर म्हणाला, पाणी प्यायला गेलो होतो. हसला. मीही हसले… 

पिशवीत काय आहे हे त्याला माहीत होतं का?

नाही, काकांचं नाही विचारत मी. तुमचंही नाही… काकू, हो की नाही, एवढंच…

काकू?

बरं, तुम्ही नका सांगू. त्याला द्या फोन… बाहेर नाही गेला तो. आज त्याची सुट्टी असते… काकू, तुमच्याजवळ कुणीतरी उभं आहे. मघापासून श्वास ऐकू येतोय मला.

…

समाधान?

मी आहे… ऐक ना. नव्हतं माहीत, एवढं म्हण. तू म्हणालास तर मी विश्वास ठेवीन… मग आपण दोघं जाऊ आईबरोबर पेठला. तुझ्या वडिलांचं आपण बघून घेऊ…

समाधान, बोल ना.

बोल ना रे…

…

हॅलो?

आई… ठेवला त्यानं.