आंबेखोलच्या चढणीवरचा धोंडा

ऐका. पुढं सरका, गुऱ्हाळाच्या चुलवाणाची ऊब घ्या, पण मधे बोलू नका. ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. खोटं निघालं तर या उकळत्या काहिलीत हात घालीन. मी स्वतः तिथं होतो. तिथं म्हणजे, तसा मी गावातच होतो, पाहुण्यांकडं मटणाच्या पंगतीला. पण महिपतीनं सगळं सांगितलं. महिपतीनं नाही, तो तर आठवडाभर तोंडच उघडत नव्हता. त्याच्या बायकोनं सांगितलं. एकच ते.

तर महिपती वडापची, म्हणजे गावोगावचे प्रवासी भरून नेणारी जीप चालवायचा. त्या जीपचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी भोपळा, कधीचं गुरगुरत होतं. आतल्या गिअरचे दाते झिजलेले. बायको म्हणायची, बदला. हा म्हणायचा, अगं, म्हशीचं पोट पण गुरगुरतं, म्हणून काय म्हैस बदलतो का? शेवटी तालुक्याला गेला तेव्हा भंगारवाल्याकडून जुने गिअर घेतले, पोत्यात घातले, आणि दवाखान्यातून आबांना उचललं. आबा म्हणजे याचा बाप. जांभळावरून पडलेला. दोन्ही पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. मागं गादी टाकून आडवं घातलं. निघेपर्यंत दिवे लागले. लोक म्हणाले, सकाळी जा, आंबेखोलच्या चढणीवर अंधारात थांबू नये. हा म्हणाला, थांबतोय कोण?

थांबला. ऐन चढणीवर कडाडकन आवाज झाला आणि मागची चाकं जागच्या जागी आवळली. गिअरचे दाते मोडून एकमेकांत रुतले. मागं उतार, उताराखाली वळण, आणि वळणावरचा कठडा ढासळलेला. त्याखालची दरी तुम्हाला माहीत आहे.

आता नीट ऐका, कारण सगळं इथं आहे. गिअर बदलायचे तर आधी दोन्ही एक्सल बाहेर ओढावे लागतात. चाकं राहतात, आतले दांडे निघतात. आणि दांडे निघाले की गाडीला गिअर धरत नाही. हँडब्रेकही धरत नाही. त्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नव्हताच, गिअरकडं जाणाऱ्या शाफ्टला होता. राहिला पायाचा ब्रेक. तो धडधाकट, पण दाबायला पाय कुणाचे? आबांचे?

म्हणून महिपतीनं दोन्ही चाकांमागं धोंडे लावले. चांगले, मांडीएवढे. आबा आतून म्हणाले, "पान्याला जोर लाव. धार काढायला बसलायस का?"

पहिला एक्सल निघाला. दुसरा निघाला. महिपती हात पुसायला वळला, बॅटरी मारली, तर उजव्या चाकाचा धोंडा नाही. कुठं? रस्त्याकडेच्या कठड्यावर. नीट ठेवलेला, देवळीत समई ठेवावी तसा.

तुम्हाला शिदू दूधवाला सांगितला नाही ना? सांगतो. आपल्या लोकांची एक खोड असते. चाकाखाली धोंडा लावायचा, काम झालं की गाडी घेऊन निघून जायचं. धोंडा रस्त्यातच. असाच एक धोंडा कुणीतरी त्या चढणीवर टाकला आणि शिदूची सायकल अंधारात त्यावर आदळली. किटल्यांसकट दरीत. तेव्हापासून त्याला रस्त्यात दगड खपत नाही. दिसला की उचलतो, कडेला ठेवतो. भला माणूस. मेला तरी भलाच.

महिपतीनं धोंडा परत आणून लावला. पुन्हा कठड्यावर. दुसरा शोधला, दोन्ही हातांनी कवटाळून आणला. टेकवला, मान वळवली, गेला. आवाज नाही, धूळ नाही. मग त्यानं उरलेल्या धोंड्यावरून नजर हलवलीच नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत डाव्या चाकाचा धोंडा उठला. मांजरीनं पिल्लू मानेला धरून उचलावं तसा. तरंगत गेला, कठड्यावर बसला.

गाडीनं गचका दिला.

महिपतीनं मागून पाठ लावली. पाय रोवले. चपला घसरल्या, त्या फेकल्या. डांबर तळव्यांना सोलत होतं आणि जीप बोटाबोटानं मागं येत होती. पुढं पळून ब्रेकवर पाय ठेवावा, तर पाठ काढताच गाडी सुटते. बाजूला व्हावं, तर स्वतः वाचतो. आणि आत बाप.

"आबा, खाली लोळता येतंय का बघा."

आतून प्लास्टर खरवडल्याचा आवाज आला. थोडा वेळ आला. मग थांबला.

"न्हाई रं," आबा म्हणाले. "तू सर बाजूला."

हा सरला नाही. मोडका कठडा अंधारात दिसत नव्हता, पण दरीतलं गार वारं नडग्यांना लागायला लागलं. तेव्हा आबांनी आतून हाक मारली, "शिदू, लेका, तुझं खरं आहे. पण आमचा धोंडा आम्ही उचलूनच जाऊ. तेवढा वेळ राहू दे."

आणि ऐका, कठड्यावरचा धोंडा उठला. हळू आला. चाकाखाली बसला. मग दुसरा. महिपतीनं तिथंच गिअर बदलले, एक्सल आत सारले, बोल्ट आवळले, आणि निघण्याआधी दोन्ही धोंडे स्वतः कडेला नेऊन ठेवले. पहाटे घरी.

म्हणून सांगतो, त्या चढणीनं जाऊ नका. लांबचा रस्ता पडला तरी चालेल.

काय? हात काहिलीत घालू? बरं, एवढं रचलेलं आहे: शिदू. त्या चढणीवर कुणी दूधवाला कधी पडला नाही. आणि आबांनी हाक मारली नव्हती. "तू सर बाजूला" एवढं बोलले, त्यानंतर त्यांची बोबडीच वळली होती.

धोंडे गेले ते खरं. परत आले तेही खरं. का गेले, कुणी नेले, काय मनात येऊन परत ठेवले, ते महिपतीला माहीत नाही, मला नाही. नाव असलं की भुताला हाक तरी मारता येते. म्हणून दिलं नाव. नाहीतर तुम्ही घरी कसे जाल?