कबुतराच्या पाकिटातली रेकॉर्ड

नाही, पण सांगा ना, या रेकॉर्डच्या भानगडीचा शेवट काय झाला असेल? लावा डोकं! ओळखलात तर चर्चची घंटा तुमची, दोरीसकट... चाळीस वर्षं ओढतोय, खांदे गेले माझे! नाहीच ओळखणार तुम्ही. आणि चर्चचे पाळकसाहेब वर मलाच म्हणतात, "हे सगळं तू केलंस!" मी? अहो, अक्षर म्हणजे मला कागदावर चालणाऱ्या मुंग्या. मी आपला अडाणी माणूस!

तुम्हाला सांगतो, खूळ सगळं आमच्या नातीचं. दिवसभर वेल्डिंगच्या दुकानात लोखंड जोडते आणि संध्याकाळी चर्चच्या तळघरात, मोडक्या बाकांच्या मधे बसून ड्रम बडवते. चौघांचा बँड. मेटल म्हणतात त्याला. गिटार अशी केकाटते की दारात मांजराची शेपटी सापडलीय असं वाटावं! आणि गाणारा कोण? बेकरीवाला. एवढा गरीब, की नाकावर माशी बसली तर तिला म्हणेल, "जरा सरकता का?" पण माइक धरला की घशातून असं काही काढतो, असं काही काढतो, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो होतो! आणि शब्द म्हणाल तर सगळी प्रार्थना. देवा, मी खड्ड्यात पडलोय, मला वर काढ... आता खड्ड्यात पडलेला माणूस कुजबुजतो का हो? बोंबलणारच की!

तर या चौघांनी रेकॉर्ड करायची ठरवली. कंपनीवाल्यांकडे गेले, ते म्हणाले, "आवाज झकास, पण देव फार आहे." मोठ्या चर्चवाल्यांकडे गेले, ते म्हणाले, "देव झकास, पण आवाज फार आहे." नात म्हणाली, "आबा, आमची आम्ही काढतो." आणि काढली! तळघराच्या भिंतींना गाद्या टेकवून गाणी भरली, कारखान्यातून तबकड्या पाडून घेतल्या, पाकिटावर काट्यांचा मुकुट पोरीनं स्वतः चितारला.

पाळकसाहेबांनी ऐकली. ऐकली कसली... सुई टेकली नि उचलली! आणि नाकातून म्हणतात, "हे गाणं नव्हे, हा अपघात आहे. माझ्या चर्चच्या मंडळीतल्या एका माणसानं, अगदी एकानं, हे पुन्हा लावा म्हटलं तर तळघर तुमचं, आणि रविवारी उपासनेतसुद्धा वाजवा. नाहीतर सोमवारी सामान बाहेर!" पोरीचं तोंड एवढंसं झालं. तळघर गेलं की बँड गेला, एवढा दणका कोण घरात घेतोय? आणि मंडळीला ऐकवायचं कधी? मधे एकच रविवार, तोही साखरबाईच्या रेकॉर्डला दिलेला.

साखरबाई म्हणजे आमच्या गायकवर्गाच्या बाई. त्यांचीही रेकॉर्ड आलेली, त्याच कारखान्यातून, त्याच टेंपोत. गोड, म्हणजे इतकी गोड की ऐकताना दाढ ठणकते! तबकड्या वेगळ्या, पाकिटं वेगळी, आणि भरायचं काम कुणाला? मला! बाई म्हणतात कशा, "काऽका, कबुतर काढलेल्या पाकिटात आमची हं, काट्यांच्या पाकिटात त्यांची. जमेल ना?" म्हटलं, बघतो बाई... मी आपला अडाणी माणूस!

आला रविवार. उपासना झाली, सगळे हॉलमधे बसले. पुढच्या खुर्चीवर पाळकसाहेबांची आई. नव्वदीची, अकरा वर्षं ठार बहिरी. मी घाम गाळून घंटा बडवावी आणि म्हातारीनं दारात विचारावं, "काय रे, आज घंटा नाही केलीस?" जीव जळतो हो! बसली ती, हात नेहमीसारखा शेजारच्या स्पीकरच्या खोक्यावर टेकून. पाळकसाहेब उठले, चष्मा कपाळावर, "आता आपण स्वर्गीय शांततेचा..." कबुतराच्या पाकिटातून तबकडी काढली, ठेवली, सुई टेकली. आणि साखरबाईचा आवाज मुळात नाजूक ना, म्हणून बाईंनीच बटण पार शेवटपर्यंत पिळून ठेवलेलं...

धडाऽऽडधूम!

पडदे हलले! कपबशा नाचल्या! बेकरीवाला खड्ड्यातून असा बोंबलला की साखरबाई मटकन खाली! पाळकसाहेब झेपावले बंद करायला, आणि म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं. घट्ट!

"थांब."

"आई, हे चुकून लागलं..."

"बाळ, हे मला ऐकू येतंय."

म्हातारीचे डोळे भरलेले. "अकरा वर्षं तुमची नुसती तोंडं हलताना बघतेय मी. हे इथे वाजतंय, छातीत. काय म्हणतायत यात?"

नात पुढे आली, गुडघ्यावर बसली, पाकिटामागे लिहिलेले शब्द मोठ्या अक्षरांत म्हातारीच्या पाटीवर काढून दाखवले. म्हातारीनं वाचले, मान हलवली. "खरंय. असंच ओरडावंसं वाटतं." आणि लेकाकडे वळून, खणखणीत, "पुन्हा लाव!"

पुन्हा लाव! ऐकलंत? एक माणूस मागितला होता ना साहेब? मागच्या रांगेतले सगळे अर्धे बहिरे म्हातारे खुर्च्या फरफटत पुढे आले! दोन्ही बाजू झाल्या, परत दोन्ही बाजू झाल्या! आठवड्यात एक तबकडी उरली नाही. आता दर रविवारी आमची पोरगी वेदीशेजारी ड्रम वाजवते आणि म्हातारी राणीसारखी ड्रमला खेटून बसते. तळघर? त्याची किल्ली पोरीच्या गळ्यात!

मग मला बोलावलं साहेबांनी. "पोरांच्या तबकडीवरचा कागद काळा, बाईंच्या तबकडीवरचा पांढरा. काळं-पांढरं ओळखायला शाळा लागते का रे?"

म्हटलं, साहेब, मी आपला अडाणी...

"गप्प!"

शिक्षा काय? दर शनिवारी दुपारी साखरबाईच्या दिवाणखान्यात, ताठ पाठीच्या खुर्चीवर, त्यांची रेकॉर्ड, दोन्ही बाजू. डुलकी लागली की पहिल्यापासून! संपली की बाई लाजून विचारतात, "काऽका, पुन्हा लावू?" म्हातारीला काही ऐकू जात नाही, ती सुटली. मागची रांग सुटली. आणि मी... चाळीस वर्षं घंटेखाली काढली हो, तरी कान मेले ठणठणीत!