तिसरी आपट

— नाही हो, दुखत काही नाही, मनगटावरचा बर्फ नुसता डॉक्टरचं मन राखायला. बसा तुम्ही. अपघाताच्या चौकशीला आलात ना, मग विचारा. मी हसतेय म्हणून बिचकू नका — विमानाचं पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला आणि ही बाई हसतेय, असंच वाटतंय ना? वाटू दे. हे गेल्यावर मी घरात भिंतींकडे बघत बसायचे, तर सून म्हणाली, चला, विमान शिकवते. हो, बाहेर भेटली ती माझी सूनच. इथे तीच शिकवते. विमानात 'मॅडम, वेग बघा', 'मॅडम, नाक सांभाळा' — आणि घरी नुसतं 'अहो'. लग्न झाल्यापासून अहो. तिची आई ती लहान असतानाच गेली, मग तो शब्द तिच्या तोंडात बसतच नाही, आणि मीही कधी मागितला नाही — असं मागतं का कुणी?

तर आज. उतरताना जमीन अजून बरीच खाली होती आणि मला वाटलं, आलीच — मी नाक उचललं, वेग संपला आणि आदळलो की धाडकन. विमान चेंडूसारखं वर. मी घाबरून नाक खाली करायला हातातला दांडा पुढे रेटला — रेटायचा नसतो, ठाऊक आहे, घसा कोरडा करून शिकवलंय तिनं — परत आदळलो, परत वर. तेवढ्यात ती ओरडली, 'आई, सोडा.' आई म्हणाली, साहेब. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. सोडायचं कसलं — ती ओढतेय, मी घट्ट धरून, आणि तिसऱ्यांदा थेट नाकावरच —

काय? ती काय म्हणाली तुम्हाला? दांडा तिच्या हातात होता? चूक तिची?

अगं बाई. म्हणून मघाशी डोळ्यांनी दटावत होती होय मला — तुम्ही बोलू नका, मी बोलते. आणि मी बसलेय इथे सगळं ओकून. बरं, ऐकलंच आहे तर नीट ऐका. तिनं वेळेवर सांगितलं, मी ऐकलं नाही. लायसन तिचं जाता कामा नये. माझं शिकणं बंद करा — म्हणजे थोडे दिवस करा.

आली बघा. डोळे लाल आहेत हिचे. उठा साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा. आम्हा दोघींना आता भांडायचंय.