झाडाने धरलेली भिंत

जबाब देणार: मेस्त्री, गल्लीत याच नावाने सगळे ओळखतात. वय ६८ वर्षे. धंदा मोटार दुरुस्ती. राहणार गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, मुलगा, सून व नात यांच्यासह.

ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे.

जखमी मुलगी माझी नात असून वय नऊ वर्षे. घरात तिला चकरी म्हणतात, कारण पोरीच्या पायाला भिंगरी आहे. जेवतानाही एका जागी बसत नाही. सुट्टीत घर डोक्यावर घेते म्हणून सुनेने तिचं नाव मुलांच्या नाट्यशिबिरात घातलं. शिबिर शाळेच्या हॉलमध्ये होतं. सोडायला-आणायला मी जात असे व तालीम संपेपर्यंत मागच्या खुर्चीवर बसत असे, त्यामुळे अख्खं नाटक मला तोंडपाठ आहे.

नातीला झाडाचं काम मिळालं. संवाद एकही नाही. मी शिबिराच्या ताईंना तोंडावर विचारलं की, बाई, झाडच हवं होतं तर कुंडी आणून ठेवायची, पोर कशाला उभी करता? ताई हसल्या. "मेस्त्री, नुसतं उभं राहणं सगळ्यात अवघड असतं," म्हणाल्या. त्या रोज मुलांना अनवाणी उभं करायच्या. पाय रुंद, गुडघे सैल, नजर समोर, सगळं वजन तळव्यांत. याला त्या मूळ धरणं म्हणत. मला ही थेरं वाटायची, खोटं कशाला सांगू.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल पालकांनी भरला होता. मी पहिल्या रांगेत होतो. दुसऱ्या प्रवेशात झाडाखाली चार पाखरं झोपतात. ही शिबिरातली सर्वांत लहान पोरं. झाडाच्या मागे घराची भिंत होती, लाकडी चौकटीवर प्लायवूड ठोकून केलेली, माणसाहून उंच. पाखरं आडवी झाली आणि ती भिंत पुढे कलून नातीच्या पाठीवर व वर केलेल्या हातांवर आली. हे मला तेव्हा कळलं नाही. फांद्या जरा हलल्या इतकंच दिसलं. वारा दाखवतेय असं वाटलं. शेजारचे गृहस्थही म्हणाले, "छान करते हो तुमची नात."

मग कावळ्याचं काम करणारा मुलगा म्हणाला, "पाखरांनो, उठा, झाडाला झोप आलीय, आपण नदीवर जाऊ." हे वाक्य नाटकात नाही. मी ताडकन उठलो. पाखरं डोळे चोळत एकेक करून निघाली. शेवटचं खरोखरच झोपलं होतं, त्याला कावळ्याने काखेत हात घालून ओढत नेलं. तोवर झाड जागचं हललं नाही.

मी रंगमंचावर चढून भिंतीला खांदा लावला. जन्मभर गाड्यांना जॅक लावलेला माणूस मी, माझे गुडघे वाकले. जिचं दप्तर मी रोज उचलतो त्या पोरीने ते वजन पेललं होतं. "सोड आता, मी धरलंय," म्हणालो तरी सोडेना. "पाखरं गेली का?" एवढंच पुटपुटली. गेली म्हटल्यावर बाजूला झाली आणि मग रडली. मनगट मोडलं होतं. असली माणसं मी फार पाहिली नाहीत, आणि हे तर माझ्याच घरात राहतं, माझ्याच ताटातलं उचलून खातं.

दवाखान्यात मी विचारलं, "ओरडली का नाहीस गं?" म्हणाली, "आजोबा, ओरडलं की श्वास सुटतो. श्वास सुटला की मूळ सुटतं." 

माझ्या मुलाने ताईंविरुद्ध हयगयीची तक्रार दिली आहे. ताईंनीही "जबाबदारी माझीच" असं सांगितल्याचं कळतं. दोष त्यांच्यावर आला तर शिबिर कायमचं बंद होईल. म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. भिंतीच्या मागच्या टेकूंवर ताईंनी स्वतः वाळूच्या गोण्या ठेवल्या होत्या, हे मी दुपारी नातीला सोडायला गेलो तेव्हा पाहिलं. पालकांनी मागे फिरकायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. भिंत सावरल्यावर मी मागे पाहिलं, तर एका टेकूवर गोणी नव्हती. ती बाजूला सरकवलेली होती आणि तिच्या जागी माझ्या मुलाच्या कॅमेऱ्याचा स्टँड उभा होता. लेकीचं शूटिंग जवळून घ्यावं म्हणून तो पडद्यामागे गेला होता. आपल्या हातून काय झालं हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही. पोरीचा हात मोडलेला पाहून बापाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. पोटचा मुलगा आहे, त्याचं वाईट मला बघवणार नाही. पण आता त्या पोरीशेजारी खोटं बोलून जेवायला बसणं मला जमायचं नाही.

मुलगा बाहेर बाकावर बसला आहे, त्यालाही ऐकू जाईल असं वाचा, अशी विनंती मी हवालदारांना केली. त्यांनी तसं मोठ्याने वाचलं. मी सांगितलं तेच लिहिलं आहे, कमी नाही की जास्त नाही. वाचून होत आलं तेव्हा मुलगा दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, याच्याखालीच माझा जबाब लिहा."

मी सही जरा वरच केली, खाली जागा सोडून.