पेवावरची फरशी

— तिथं नका बसू कोंडीरामराव, इकडं पारावर या, आमच्या घरच्या रुद्रम्मानं घोंगडं अंथरलंय तुमच्यासाठी — तिथं ऊन येतंय आत्ता. न्हाय आलं? येईल की! बरं, बसा. तुमच्या हातात बंदूक, ह्या हणमंतप्पा पाटलाचं काय चालतंय — न्हाय न्हाय, टोमणा न्हाय, माझी जीभच वाकडी हाय. पर येशीच्या आत हत्यार न्यायचं न्हाय, हे आपलं ठरल्यालं, व्हय ना? रझाकारांचा जमादार आला तरी त्यालाबी इथंच, लिंबाखाली, भाकरी, ठेचा न् घागरभर पाणी. तुमी कॅम्पातली पोरं बार्शीकडनं हद्द वलांडून आला तरी तीच भाकरी, तीच घागर. तो म्हणतो आमचं निशाण लावा, तुमी म्हणता तिरंगा लावा — माझ्या मनात कुठला हाय ते काय तुमाला ठावं न्हाय? पर तुमी सांजच्याला हद्दीपार जाणार, न् जळायला इथं आमचीच घरं! दोन रेडे झुंजले तर मधल्या बाभळीनं कुणाकडं वाकायचं, सांगा की.

कोण, चाँदपाशा? आमचा नालबंद? गावात न्हाय तो. अणदूरला गेलाय बाजाराला. मघाशी नळदुर्ग म्हणलो का? मग नळदुर्गालाच गेला असंल, मला काय इचारून जातोय! खबऱ्या कशाचा, राव — रझाकारांच्या घोड्यांना त्यानं नाल ठोकले, ठोकले की, म्याच सांगितलं ठोक म्हणून. येशीबाहेर नाल मिळाले म्हणून घोडी येशीच्या आत आली न्हाईत. तुमच्या कॅम्पाच्या बैलाला नाल कुणी ठोकले? त्यानंच! न् समजा दिला तुमाला चाँदपाशा — उद्या जमादार येणार, म्हणणार, त्यांना एक दिला, आता आमाला दोन द्या. मग गाव कुणाचं उरलं? गावचा माणूस गाव कुणालाच देत न्हाय. तुमालाबी न्हाय न् त्यालाबी न्हाय.

सारखं खाली बघतोय? मी? — फरशी बघतोय. तुमी बसलाय ती. जोंधळा साठवायचं पेव हाय तिच्याखाली, रिकामं, तुमा दोघांना भाकरी घालता घालता औंदा जोंधळा लवकर सरला. रिकाम्या पेवात काय बघायचं? लई वंगाळ जागा, कोंडलेल्या हवेत जीव गुदमरतो. पेव उघडलं की आधी दिसभर वारं द्यायचं, मग दोरीनं दिवा सोडायचा, दिवा विझला तर माणूस उतरवायचा न्हाय — आज तर दिवा सोडायला सवडच कुठं घावली — म्हंजे, आज कशाला सोडतोय दिवा! रिकामंच हाय की. पाणी पिता का? पाणी तिकडं हाय, पारावर. उठा ना. जरा उठा की, राव.

कोंडीरामा, ऐक. चैतात तू तापानं फणफणलेला व्हतास, तुला पेवात लपवलं, आठवतंय? ते हेच पेव. खालचा अंधार आठवत असंल, वर काय झालं ते तुला ठावं न्हाय. जमादार आला न् बसला — आत्ता तू बसलायस तिथंच. उठंना! तेवढ्यात हा चाँदपाशा त्याचा घोडा धरून आला, म्हणाला, जमादारसाब, नाल ढीली है, जरा आके देखो. नाल चांगला घट्ट व्हता, त्यानंच पकडीनं उचकटला. जमादार उठून तिकडं गेला, आमी फरशी बोटभर सरकवली. तेवढ्या वाऱ्यावर तू जगलास. कुणाला सांगू नका म्हणून चाँदपाशानं मला लिंगाची आण घातली व्हती, ती आज मोडली म्या.

न् मघापासून मी एवढा वरडून का बोलतोय, कळलं न्हाय तुला? खाली चाँदपाशा खोकतोय ते तुझ्या कानावर पडू नये म्हणून. आता मी गप बसतो. ऐक — येतोय खोकला? मघापर्यंत येत व्हता.

ठेव ती बंदूक. फरशीला हात लाव. ऊठ!