नाव न घ्यायचं झाड

अहो मॅडम, श्शू! नाव नका घेऊ त्याचं—माझ्या उंबऱ्यात तर बिलकुल न्हाई. तुमी वहीत लिवा, नांदेडच्या कालेजात पोरींना शिकवा, मला काय? पण माझ्यासमोर न्हाई. बांधावर येती, वीतभर वाढती, पानाखाली मोहरीएवढाल्या गोळ्या—एवढं सांगते, पुढचं तुमचं तुमी वळखा. मुळासकट उपटायची, धुवायची, वाटायची, ताकात कालवायची. इतवारी आन् बुधवारी, सकाळी नऊच्या आत, उपाशीपोटी. झालं. आता सोयाबीनला तणनाशक मारू मारू लोकांनी बांध बी जाळून टाकले, मला पार वड्यापर्यंत जावं लागतंय—गुडघ्याचं काय इचारता!

काय म्हणलाव? उंदरांना पाजली? अगं माय! आन् बरे झाले? थोडे झाले. बरं. लिव्हरला आधार देती म्हणता—हाव, मग? आमच्या मामंजीला काय उंदरानं सांगितलं होतं का? त्यांचे वडील देत होते, मग ते, मग मी. सारं चाकूर इचारा, काविळीला शरणम्मा. काय? समदी कावीळ एका जातीची नसती? आन् बरीचशी आपोआप बी उतरती—म्हणजे माझ्या हातानं न्हाई? तीस वर्षं झाली मॅडम मला. तीस वर्षांत एक इतवार कुठं लग्नाला गेले न्हाई, माझ्या सख्ख्या भाचीच्या बी न्हाई. आन् तुमी म्हणता आपोआप! असू द्या. असू द्या म्हणलं ना, बसा खाली.

राग न्हाई. तुमाला म्हाईत न्हाई म्हणून सांगते—मामंजींनी जाताना गळ्यातल्या लिंगावर हात ठिवायला लावला. घेनार कोनी न्हाई, त्यांचा पोरगा, म्हणजे माझा मालक, म्हणला मला जमनार न्हाई, मग सुनंच्या गळ्यात. नाव तोंडातून काढायचं न्हाई, काढलं की गुण गेला. चहाचा घोट बी घ्यायचा न्हाई कोनाचा. आन् उंबऱ्यावर उपाशी आलेल्याला परत लावायचं न्हाई, आपन मरायला टेकलो तरी. मी म्हणले, हाव. काय वय होतं माझं! हाव म्हणायला काय लागतंय?

काळा चष्मा? मोतीबिंदूचा हाय. हाव, आप्रेशनला सा म्हैने झाले, तरी घालते. ऊन लागतंय. घरात? घरात बी लागतंय… लई बारीक नजर हाय बाई तुमची. ते दार लोटा जरा. शिल्पा—सून माझी—गिरणीत गेलीया, तवर बघा. दिसलं? डोळे हळदीवानी झालेत ना? तीन आठवडे झाले. रोज पहाटं वाटून घेतलं, लेकी, दुप्पट घेतलं. उतरंना. अंगाला खाज अशी की झोप न्हाई, घास जात न्हाई. माझं औषध, आन् मलाच लागू पडंना—कोनाला सांगू?

दवाखाना? पलीकडच्या गावचा गुरुबसप्पा हाडवैद्य, हाडं बसवायचा, जत्रा भरायची त्याच्या दारात. त्याचाच पाय मोडला, लातूरला पलस्तर करून आला—दुसऱ्या दिवसापासून कोनी फिरकलं न्हाई. पोरं हसायची त्याला. डोळ्याच्या आप्रेशनाला कोनी हसत न्हाई, काविळीला हसत्यात. आन् माझं हे गेलं तर मी कोन? सुनंच्या घरातली एक म्हातारी. पण मरायचं बी भ्या वाटतंय, मॅडम. खरं सांगते, लई भ्या वाटतंय.

मला न्या. तुमच्या गाडीत, नांदेडला. लातुरात दवाखान्याच्या बाकड्यावर बसले की चार जण वळखत्यात, तिकडं कोन वळखतंय? नऊ वाजले, आजच्या इतवारचं औषध बंद झालं. पिशवी भरून ठिवलीया—ती बघा, कणगीमागं. शिल्पाला सांगितलं, धर्माबादला भाचीकडं चालले म्हणून. बुधवारच्या आत परत आनून सोडा, बस्स. चला उठा, आत्ताच्या आत्ता—

थांबा. कोन हाय? चष्मा, माझा चष्मा द्या आधी.

ये गं बाई, आत ये. कुठून आलीस? अगं, नऊ वाजून गेले की… उपाशी हाय लेकरू? कालपासून? आन तिला माझ्याकडं. माय माय, डोळे बघा कसे झालेत हिचे. बस, परत कशाला लावते? माझे डोळे? काही न्हाई गं, मोतीबिंदू हाय.

मॅडम, इकडं या. मी घोटभर पाजते, शब्द हाय माझा. मग या दोघींला गाडीत घ्या आन् थेट दवाखान्यात न्या, रक्त तपासा पोरीचं. शरणम्मानंच सांगितलंय म्हणा, आई न्हाई म्हणनार न्हाई.

मी? मी कशी येऊ? फाटकापाशी बघा की—टमटममधून अजून चौघं उतरूलालेत.

पिशवी राहू द्या तिथंच. जावा तुमी.