रविवारच्या परीक्षेपतोर

न्हाई गं हरणाबाई, औंदा आमच्या रानात मेंढरं न्हाई बसवायची — लेंडीखत नगं असं न्हाई, खत कुणाला नगं असतंय? दरसाली तुमी म्हसवडाकडनं कुंडलात येता, ऊस तुटला की तुमचा तळ आमच्याच रानात पडतोय, त्ये काय मी इसरले व्हय? पर औंदा न्हाई. बस की, उभी का? च्या घे.

तीनच रातींचा सवाल हाय म्हनतीस — रविवारी तुझ्या बानूची शिष्यवृत्तीची परीक्षा, आत्ताच्या रानातनं उठायचं हाय, दुसरं रान न्हाई गावलं तर आजच मेंढरं पुढं काढावी लागतील, परीक्षा बुडंल — ठावं हाय की मला सगळं. माझ्या वीरधवलची बी त्याच दिवशी हाय. एकाच वर्गात, एकाच बाकावर हायत न्हवं दोघं. सराव परीक्षंत बानू पयली आली. चार गावच्या चार शाळा फिरल्याली पोरगी पयली, आन आमच्याला पलूसला शिकवणी, टेबल, खुर्ची, सकाळी भिजिवल्यालं बदाम — त्यो अकरावा. पालकसभेत बाईंनी तिची वही फिरवली. काय अक्षर गं तुझ्या पोरीचं! खोटं कशाला बोलू, घरी येऊन जेवले न्हाई मी. ह्यांचा जम्मूवरनं, पलटणीतनं रोज फोन, पोरगं कितवं आलं म्हनून. काय सांगू? धनगराच्या पोरीनं मागं टाकलं म्हनून सांगू?

दुसऱ्या कुणाला इचार की. नानासोंचं रान रिकामं हाय, रविराजचं हाय — त्यांनी बी नगं म्हनलं? व्हय, पानी सोडायचं हाय त्यांस्नी... मला कसं ठावं? तूच सांगितलंस की आत्ता. न्हाई सांगितलंस? मग ऐकलं आसंल कुठंतरी — बरं, मीच केला फोन. दोघांस्नी बी केला. काय वाईट केलं? तुमचं काय, आज हितं उद्या तितं. आमाला ह्याच गावात, ह्याच लोकांत तोंड दावायचं असतंय. आमच्या पोराला एकदा तरी पयलं येऊ द्या की. रडू नगंस. च्या निवला तुझा.

काय म्हनलीस? मेंढरं घिऊन तुमी पुढं जाता, आन पोरगी तेवढी रविवारपतोर — आमच्यात? कोन म्हनलं आमच्यात ठीव? वीरधवल म्हनला? आई न्हाई म्हनायची न्हाई, असं म्हनला त्यो तिला?

न्हाई गं. जागा न्हाई. चार खोल्या दिसत्यात, पर पावनं यायचं हायत. जा तू, मेंढरं कुनाच्या तरी उसात शिरतील. — आन तू रं वीर, कवापासनं हुबा हाईस दारात? असा काय बघतुयास माझ्याकडं? आत जा, पुस्तक घे.